समजून घ्या : नाव सॅम्युएल, आडनाव पेणकर, मराठी ज्यूंची आठवण आता कोणाकडे?

छत्रपती संभाजीनगर : पैठणकर म्हटले की पैठण आणि वैजापूरकर म्हटले की वैजापूर. आडनावावरून गाव ओळखायची सवय मराठी माणसाला लहानपणापासून असते. मग नाव सॅम्युएल, सॉलोमन किंवा रिबेका असेल आणि आडनाव पेणकर, रोहेकर किंवा चौलकर असेल तर?

उत्तर रायगड जिल्ह्यात सापडते. ही आडनावे बेने इस्रायल समाजाची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची आहेत. शेकडो वर्षे हा समाज कोकणातल्या खेड्यांत राहिला. आज त्यातले बहुतेक लोक इस्रायलमध्ये आहेत. त्यांच्या आडनावात गाव राहिले, पण त्या गावात ते आडनाव आता क्वचितच सापडते.

जगभर विखुरलेल्या ज्यू समाजाला एकत्र ठेवले ते आठवणीने, असे नेहमी म्हटले जाते. इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची गोष्ट दरवर्षी वल्हांडणाच्या रात्री घराघरांत पुन्हा सांगितली जाते. जेरुसलेमचे मंदिर पाडले गेले, त्या दिवशी आजही उपवास धरला जातो. कोकणातल्या ज्यूंनीही या आठवणी जपल्या, पण मराठीतून. त्यामुळे त्या समजून घ्यायच्या तर मराठी यावी लागते. म्हणूनच हा विषय केवळ एका छोट्या समाजापुरता उरत नाही.

थोडक्यात महत्त्वाचे

• बेने इस्रायल हा भारतातील ज्यूंचा सर्वांत मोठा गट. मातृभाषा मराठी.

• मूळ वस्ती आजच्या रायगड जिल्ह्यात. पुढे मुंबई, ठाणे, पुणे, कराचीपर्यंत विस्तार.

• २०११ च्या जनगणनेनुसार देशात ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत. इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू.

• महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

बेने इस्रायल म्हणजे नेमके कोण?

'बेने इस्रायल' याचा हिब्रूतला अर्थ 'इस्रायलची लेकरे'. भारतात ज्यूंचे तीन प्रमुख गट मानले जातात. केरळमधले कोचीन ज्यू, इराक आणि आसपासच्या भागातून १८ व्या-१९ व्या शतकात व्यापारासाठी आलेले बगदादी ज्यू आणि कोकणातले बेने इस्रायल.

आपल्याकडे अनेकदा यात गल्लत होते. पुण्यातले ससून रुग्णालय, मुंबईतले ससून डॉक, पुण्यातले १८६७ चे 'लाल देऊळ' म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग ही बगदादी ससून घराण्याची आठवण आहे. हे लोक श्रीमंत व्यापारी होते. बेने इस्रायल मात्र तेलाचे घाणे चालवणारे, शेती करणारे, पुढे सैन्यात, रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणारे सामान्य लोक होते.

त्यांची शंभराहून अधिक आडनावे कोकणातल्या गावांवरून पडली आहेत. किहीमवरून केहिमकर, पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर, झिराडवरून झिराडकर, अष्टमीवरून अष्टमकर, चौलवरून चौलकर किंवा चेऊलकर. 'बूट पॉलिश' या १९५४ च्या चित्रपटातले जॉन चाचा आठवतात? ती भूमिका करणारे अभिनेते डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

हा समाज कोकणात आला कधी?

समाजात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी : फार पूर्वी एक जहाज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेले मृतदेह तिथेच पुरले गेले. धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्या सात जोडप्यांपासून पुढचा समाज वाढला. नवगावात आजही त्याचे स्मारक आहे.

ही घटना इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातली असावी, असे १९ व्या शतकातले समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर मानत. इतर अभ्यासकांनी वेगवेगळे काळ सुचवले आहेत. समकालीन लेखी पुरावा कोणत्याच मताला नाही.

पण कोकणच्या या बंदरांवर पश्चिमेकडून जहाजे येत होती, हे मात्र पक्के ठाऊक आहे आणि त्याचा धागा थेट आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासमार्गाच्या पुस्तकात सातवाहनांची राजधानी पैठण आणि धाराशिव जिल्ह्यातले तेर यांचा उल्लेख आहे. इथला माल बैलगाड्यांनी भडोचला जायचा आणि तिथून जहाजावर चढायचा. त्याच पुस्तकात सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांचीही नावे आहेत. पुढे मध्ययुगात चौल हे अहमदनगरच्या निजामशाहीचे बंदर होते. याच निजामशाहीच्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवले. म्हणजे ज्या किनाऱ्यावर बेने इस्रायल राहत होते, तो किनारा मराठवाड्याला कधीच परका नव्हता.

डीएनए काय सांगतो?

२०१६ मध्ये 'प्लॉस वन' या शोधपत्रिकेत या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेल अवीव आणि कॉर्नेल विद्यापीठातले संशोधक त्यात होते. १८ बेने इस्रायल व्यक्तींच्या जनुकीय माहितीची तुलना इतर ज्यू गटांशी, भारतीय समाजांशी आणि जगातल्या इतर लोकसमूहांशी करण्यात आली.

पद्धत सोपी करून सांगायची तर अशी : दोन वेगळ्या समूहांतल्या लोकांची लग्ने झाली की पुढच्या पिढीत दोन्हीकडचे डीएनएचे लांब तुकडे येतात. प्रत्येक पिढीत हे तुकडे कापले जातात आणि लहान होत जातात. त्यामुळे तुकड्यांची लांबी मोजली की किती पिढ्यांपूर्वी मिसळ झाली, याचा अंदाज बांधता येतो.

निष्कर्ष असा निघाला की बेने इस्रायल समाजात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असा दोन्ही वारसा ठळकपणे आहे. ही मिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे अंदाजे ६५० ते १०५० वर्षांपूर्वी झाली असावी.

या अभ्यासातून जहाज फुटल्याची तारीख मिळत नाही किंवा सात जोडप्यांची कथा खरी-खोटी ठरत नाही. पण समाज स्वतःबद्दल जे सांगत आला, 'आम्ही बाहेरून आलो आणि इथलेच झालो', त्याच्याशी हे निष्कर्ष जुळतात.

'शनवार तेली' हे नाव कसे पडले?

कोकणात या लोकांचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा होता. ज्यू धर्मात शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी संध्याकाळपर्यंत शब्बाथ पाळतात, म्हणजे काम बंद ठेवतात. त्यामुळे यांचे घाणे शनिवारी थांबलेले असायचे. गावकऱ्यांनी सोपे नाव ठेवले, 'शनवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली 'सोमवार तेली' होते.

धर्मग्रंथ नाहीत, धर्मगुरू नाही, हिब्रू जवळजवळ विसरलेली. तरी चार गोष्टी टिकल्या. शनिवारची सुट्टी, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' ही देव एकच असल्याचे सांगणारी प्रार्थना.

ओळख पटल्याची कथाही मजेशीर आहे. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू गृहस्थ कोकणात आला. हे लोक खरेच ज्यू आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांना वेगवेगळे मासे एकत्र शिजवायला दिले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला काढले. ज्यू धर्माचा नियम नेमका हाच आहे. रहाबीने मग तिघांना धर्मकार्य शिकवून तयार केले आणि लोक त्यांना 'काजी' म्हणू लागले. हा रहाबी म्हणजे १८ व्या शतकातला कोचीनचा व्यापारी असावा, असे काही अभ्यासक मानतात. १७६८ मध्ये कोचीनच्या इझिकेल रहाबी यांनी ॲमस्टरडॅमला पाठवलेल्या पत्रात कोकणातल्या या समाजाचा उल्लेख आहे.

सणांना मराठी नावे कशी आली?

हिब्रू नावे विस्मरणात गेली तेव्हा लोकांनी सणांना आपल्या भाषेत नावे दिली. ही यादीच या समाजाचा खरा इतिहास सांगते.

• नव्याचा सण : ज्यू नववर्ष, रोश हशाना.

• दारफाळणीचा सण : योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपवास. या दिवशी दारे लावून घरात राहायचे, म्हणून हे नाव.

• बिरड्याचा सण : जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाची आठवण. या दिवसाच्या जेवणात वालाचे बिरडे असायचे.

• अनाशी ढाकाचा सण : वल्हांडण. आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्यावरून.

• होळीचा सण : पुरीम. तो साधारण होळीच्याच सुमारास येतो.

• खिरीचा सण : शरद ऋतूतल्या सुक्कोथ सणाच्या काळातला.

याशिवाय नववर्षाआधीच्या महिन्यातल्या उपवासांना 'रमजान' म्हटले जायचे. म्हणजे धर्म ज्यू, शब्द हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांचे.

बिरड्याच्या सणाचा विचार करून पाहा. ज्या मंदिराचा नाश आठवायचा, ते सुमारे चार हजार किलोमीटर दूर. कोणी ते पाहिलेले नाही. त्याचे हिब्रू नावही लक्षात नाही. तरी कोकणातल्या घरात वाल भिजत घातले जातात, सोलले जातात आणि दुःखाचा दिवस पाळला जातो. ग्रंथ नसताना ही आठवण स्वयंपाकघरातून टिकली.

तीच गोष्ट 'मलिदा'ची. लग्न, बारसे, नवस फेडणे, प्रवासाहून सुखरूप परतणे अशा प्रसंगी एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया यांच्या नावाने मलिदा करतात. पोहे, ओले खोबरे, गोडासाठी गूळ किंवा साखर, सुकामेवा आणि वर फळे. जगातल्या इतर ज्यूंमध्ये हा विधी नाही. एलिया कोकणात प्रकट झाले आणि त्यांच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या, अशी समाजाची श्रद्धा आहे. अलिबागजवळ खंडाळे परिसरातली ती जागा 'एलियाहू हन्नबीचा टप्पा' म्हणून ओळखली जाते. इस्रायलहून येणारी कुटुंबे तिथे आवर्जून जातात.

खाण्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. म्हणून कोकणी स्वयंपाकातले नारळाचे दूध त्यांच्या फार उपयोगी पडले. नववर्षाला होणारा चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातलाच. शुक्रवारच्या प्रार्थनेला द्राक्षाची वाइन हवी, ती मिळत नसे. मग मनुका भिजवून त्यांचे सरबत केले जाई.

मराठीत लिहिलेला ज्यू धर्म

१९ व्या शतकात मोठा बदल झाला. समाज मुंबईत आला, शिकला, छापखान्यांशी जोडला गेला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. बेने इस्रायल समाजाने त्याचा उपयोग स्वतःच्या धर्माकडे परत जाण्यासाठी केला.

वल्हांडणाच्या रात्री वाचायचे पुस्तक म्हणजे हगादा. मराठी भाषांतरासह हगादा मुंबईत १८४६ मध्ये छापला गेला. १८७४ च्या पुण्याच्या हगाद्यातली चित्रे पाहण्यासारखी आहेत. विषय युरोपातल्या हगाद्यांसारखाच, पण बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसून जमिनीवर बसलेल्या.

शिक्षक जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. त्यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास मात्र चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये तेल अवीवमध्ये छापला गेला.

यात सर्वांत वेगळी गोष्ट म्हणजे कीर्तन. हिंदू कीर्तने ऐकून समाजातल्या काही मंडळींना वाटले की आपल्याही कथा अशाच सांगाव्यात. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायल कीर्तने सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे साकी, दिंडी, ओवी आणि अभंगाच्या चालीत गायली गेली. वारकरी परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला ती ऐकताना फक्त पात्रांची नावे नवी वाटतील.

समाजातून कोण पुढे आले?

यादी मोठी आहे. १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर असलेले डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर, ज्यांच्या नावाने वरळीत डॉ. ई. मोझेस रोड आहे. भारतीय इंग्रजी कवितेतले मोठे नाव निस्सीम इझिकेल. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख राहिलेले नौदल अधिकारी बेंजामिन सॅमसन. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांवरच्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत डेव्हिड एरूळकर होते. त्याच घराण्यातल्या लीला एरूळकर यांचे लग्न ग्लाफकोस क्लेरिडीस यांच्याशी झाले आणि पती राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९९३ मध्ये त्या सायप्रसच्या 'फर्स्ट लेडी' झाल्या.

कराचीतही मराठी ज्यू होते. तिथले मागेन शालोम सिनेगॉग १८९३ मध्ये सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी उभारले. समाज फाळणीनंतर हळूहळू पांगला आणि १९८० च्या दशकात ती इमारत पाडली गेली.

सगळे गोडच होते का?

नाही. समाजात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन गट होते. ज्यू नसलेल्या स्त्रियांपासून झालेल्या संततीला 'काळे' म्हटले जाई आणि त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार टाळला जाई. म्हणजे भारतीय समाजातला भेदभावही इथे झिरपला होता. दुसरीकडे, श्रीमंत बगदादी ज्यू बेने इस्रायल समाजाला बरोबरीचे मानत नसत. आपल्या सिनेगॉगमध्ये त्यांना प्रार्थनेसाठी मोजावे का, यावरूनही वाद झाले.

मग देश का सोडला?

धर्मामुळे छळ झाला म्हणून नाही. हे समाजातले लोक नेहमी आवर्जून सांगतात. १९४७ मध्ये ब्रिटिश गेले आणि रेल्वे, कस्टम, टपाल अशा नोकऱ्यांतले जुने स्थान डळमळीत झाले. १९४८ मध्ये इस्रायल हे राष्ट्र निर्माण झाले. शतकानुशतके प्रार्थनेत ज्या जेरुसलेमचे नाव घेतले, तिथे जाण्याची वाट मोकळी झाली. आधी एक भाऊ गेला, मग त्याच्यामागून घर गेले. स्थलांतर असेच वाढत गेले.

१९५१ च्या जनगणनेत देशात सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ मध्ये ही संख्या सुमारे ४,६५० होती. त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात.

तिथे पोहोचल्यावर स्वागत सोपे नव्हते. अनेकांना वाळवंटी भागातल्या नव्या वसाहतींत पाठवण्यात आले. कातडीच्या रंगामुळे दुजाभाव होतो, अशा तक्रारी झाल्या. १९५२ मध्ये एक गट तर भारतात परत आला.

खरा घाव १९६० च्या दशकात बसला. बेने इस्रायल व्यक्तीशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे निर्देश इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये दिले. थोडक्यात, 'तुम्ही खरे ज्यू कशावरून?' हा प्रश्न. ज्यांनी ग्रंथाशिवाय आणि धर्मगुरूशिवाय शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांना पुरावा मागितला गेला. आंदोलने झाली, जेरुसलेममध्ये लोक रस्त्यावर बसले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, नेसेटने, बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असा ठराव केला.

इस्रायलमध्ये मराठी टिकली का?

पहिल्या पिढीने ती जपली. अश्दोद, लोद, रामला, बेरशेबा, दिमोना या शहरांत भारतीय ज्यूंची वस्ती आहे. दिमोनाला तर 'छोटा भारत' म्हणतात. तिथे मलिदा होतो, लग्नाआधी मेंदी लागते, महाराष्ट्र दिन साजरा होतो. नोहा मस्सील यांच्या संपादनाखाली 'मायबोली' हे मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघाले.

पण तिसऱ्या पिढीची भाषा हिब्रू आहे. शाळा, सैन्य, नोकरी, घर सगळे त्याच भाषेत. आजीची मराठी नातवाला कळते न कळते. परदेशात गेलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबाला हे ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की पुण्याहून अमेरिकेला गेलेल्या कुटुंबामागे मराठी बोलणारा मोठा समाज गावी शिल्लक असतो. बेने इस्रायल समाजाचे गावच जवळजवळ रिकामे झाले.

कोकणात आणि मुंबईत आज काय उरले?

मुंबईत मांडवीच्या सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 'शाअर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार, हे समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन, असा त्यांचा नवस होता, असे सांगतात. लोक सिनेगॉगला 'मशीद'च म्हणायचे. मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकाचे नाव यावरूनच पडले, असेही सांगितले जाते.

रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८, पुनर्बांधणी १९१०), पनवेल (१८४९), पोयनाड (१८६६), ठाणे (१८७९) इथेही सिनेगॉग आहेत. अलिबागमध्ये 'इस्राएल आळी' हे नाव अजून वापरात आहे.

अडचण इमारतींची कमी आणि माणसांची जास्त आहे. परंपरेनुसार सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला 'मिन्यान' म्हणतात. नऊ असतील तर ठरावीक प्रार्थना करता येत नाहीत. मृतांसाठीची 'कद्दीश' ही त्यातलीच. म्हणजे गावात दहा माणसे उरली नाहीत की आपल्या माणसाची आठवणही विधीपूर्वक काढता येत नाही. कोकणातली अनेक सिनेगॉग मोजकी कुटुंबे सांभाळतात. बाहेरून पाहुणे आले की प्रार्थना होते.

निसर्गही थांबत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात पनवेलच्या बेथ एल सिनेगॉगमध्ये पाणी शिरले आणि तोराच्या हस्तलिखित गुंडाळ्यांचे नुकसान झाले. खराब झालेली तोरा टाकून देत नाहीत. माणसासारखी सन्मानाने दफन करतात.

भेट द्यायची असेल तर काय लक्षात ठेवावे?

• सिनेगॉग हे प्रार्थनास्थळ आहे. आधी तिथल्या व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी.

• मुंबईत सुरक्षा कडक असते. मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे.

• पुरुषांनी आत डोके झाकावे.

• शुक्रवारी संध्याकाळ ते शनिवारी संध्याकाळ फोटो काढू नयेत.

• कबरीवर फुलांऐवजी छोटा दगड ठेवण्याची ज्यू पद्धत आहे. ठेवलेले दगड उचलू नयेत.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय?

नाव ही आठवणीची पहिली जागा असते. ज्या शहराच्या नावावर इतकी चर्चा झाली, तिथल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. बेने इस्रायल समाजाने ज्या गावांची नावे जगभर नेली, त्या गावांच्या इतिहासात या समाजाला किती जागा आहे? शाळेतल्या पुस्तकात ज्यूंचा इतिहास येतो तो हिटलर आणि दुसऱ्या महायुद्धापुरता. तो शिकायलाच हवा. पण मराठी बोलणाऱ्या, बिरडे खाणाऱ्या, कीर्तन करणाऱ्या ज्यूंचा धडा त्याच्या शेजारी असायला काय हरकत आहे?

काम मोठे नाही, पण वेळ कमी आहे. १९ व्या शतकातली मराठी प्रार्थनापुस्तके आणि कीर्तने स्कॅन करून कोणालाही वाचता येतील अशी ठेवणे, ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, कोकणातल्या दफनभूमींतल्या दगडांवरचा मजकूर झिजण्याआधी टिपून घेणे. मोबाइलमध्ये कॅमेरा असलेले महाविद्यालयीन विद्यार्थी, इतिहासाचे शिक्षक, ग्रंथालये हे समाजाला सोबत घेऊन करू शकतात.

यातले बरेचसे काम मराठी वाचणाऱ्यांनाच जमणार आहे. कोकणातल्या अनेक कबरींवर दोन भाषा दिसतात. हिब्रू मजकूर वाचणारे जगभर आहेत. त्याच्यासोबत मराठीत लिहिलेले नाव, त्यापुढचे गाव आणि नाते वाचू शकणारी माणसे इस्रायलमध्ये दर पिढीला कमी होत आहेत. इथे मात्र ती अजून कोट्यवधी आहेत.